आत्या, आपण टांगेवाले की घोडा?

खडूफळा · रविवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय.

गेल्या रविवारी भावाकडे सहकारनगरला जेवायला गेले होते. कटाची आमटी भुरकता भुरकता भाचा म्हणाला, "आत्या, एआयमुळे नोकऱ्या जातील ही बारकी भीती झाली. खरी भीती ही की एक दिवस ते आपल्याला आवरणारच नाही." भाचा हिंजवडीत टेस्टिंगमध्ये आहे, म्हणजे कागदोपत्री आहे. अडीच महिने बेंचवर बसवलाय. मला वाटलं, पोरगं नोकरीच्या काळजीने जगबुडीच्या गोष्टी करतंय. आणि बावीस वर्षं बी.ए.च्या वर्गाला अर्थशास्त्र शिकवलं की ताटावरसुद्धा तास सुरू करायची खोड लागते.

सांगितलं त्याला सगळं. काम म्हणजे काही मोजून थापलेली भाकरी नव्हे, की यंत्राने चतकोर खाल्ला म्हणून माणसाला पाऊणच उरली. बँकांत संगणक नकोत म्हणून संघटना भांडल्या, १९८४ साली रंगराजन समितीचा अहवाल आला, पुढे संगणक आले आणि बँकाही वाढल्या. मग अर्थतज्ज्ञ रिकार्डोचा १८१७चा तुलनात्मक लाभाचा सिद्धांत. कर्वे रोडवरच्या एखाद्या सर्जनबाई स्वयंपाकाच्या मावशींपेक्षा भराभर भाजी चिरत असतील, तरी त्या मावशींना ठेवतात, कारण त्यांचा तो अर्धा तास ऑपरेशन थिएटरात जास्त मोलाचा. म्हणजे यंत्र सगळ्याच बाबतीत आपल्याहून सरस झालं तरी आपल्याला करण्याजोगं काहीतरी उरतंच.

भाच्याने शांतपणे ऐकलं. म्हणाला, "आत्या, पुण्यात पूर्वी टांगे होते ना? टांगेवाले पुढे रिक्षावाले झाले. घोडा काय झाला?"

तेवढ्यात वहिनीने मठ्ठा आणला म्हणून मी सुटले.

घरी येऊन आकडे काढले. अमेरिकेत १९१५च्या सुमाराला घोडे आणि खेचरं मिळून अडीच कोटींच्या वर होती. १९६०पर्यंत तीसेक लाख उरली. तुलनात्मक लाभ घोड्यालाही होताच की! फक्त बाजारात त्याच्या कामाचं जे मोल मिळत होतं, त्यात त्याचा चारा निघत नव्हता. देवाणघेवाणीला काहीतरी उरेल, एवढंच रिकार्डो सांगतो. त्यात पोट भरेल असं तो कुठे म्हणत नाही. उपमा भाच्याची नव्हे हे मला ठाऊक आहे. वासिली लिओन्टिफ या नोबेलवाल्या अर्थतज्ज्ञाने ती चाळीसेक वर्षांपूर्वीच दिली होती. मीच वर्गात कधी काढली नाही. एक तर अभ्यासक्रमात नाही, आणि दुसरं म्हणजे पुढचा प्रश्न कोणी विचारला असता तर उत्तर येत नव्हतं.

पण त्याहून जास्त टोचलं ते वेगळंच. भाचा मुळात रोजगाराबद्दल बोलतच नव्हता. तो विचारत होता, "आवरेल का?" आणि मी उत्तर देत होते, "काम मिळेल का?" पेपरात प्रश्न काहीही येवो, पाठ केलेलं उत्तर लिहून येणारी मुलं असतात ना, तशी मी.

तुमचं काय मत? अर्थशास्त्राकडे त्याच्या प्रश्नाला उत्तर आहे का?

आकडेमोड · रविवार, रात्री ११:२५

धागा आवडला, निष्कर्ष पटला नाही (तसा तुम्ही काढलेलाही नाही म्हणा). मी विम्याच्या धंद्यात आहे, त्यामुळे भीतीला आधी आकडा विचारायची सवय.

डॅरन असेमोग्लू, म्हणजे २०२४चं अर्थशास्त्राचं नोबेल ज्या तिघांना मिळालं त्यांतले एक. त्यांनी त्याच वर्षी हिशेब मांडला, की एआयमुळे एकूण उत्पादकतेत भर पडेल ती फार तर ०.६६ टक्के. दरवर्षी नव्हे, दहा वर्षांत मिळून! उलट टोकाला गोल्डमन सॅक्सचा २०२३चा अंदाज घ्या: जगाचं उत्पन्न दहा वर्षांत ७ टक्क्यांनी वाढेल. मोजमापं वेगळी आहेत, मान्य. पण त्यातला मोठा आकडा धरला तरी ७ टक्क्यांनी जग बुडत नाही आणि सोन्याचंही होत नाही.

दुसरं, जेफ्री हिंटन, आजच्या एआयचा पाया घालणाऱ्यांतले एक. २०१६मध्ये हे गृहस्थ म्हणाले होते, की नवे रेडिओलॉजिस्ट घडवणं आता बंद करा, पाचेक वर्षांत यंत्र त्यांच्या पुढे जाईल. आज पुण्यात एमआरआयचा रिपोर्ट संध्याकाळपर्यंत हातात घेऊन दाखवा, माझ्याकडून कॉफी. तेच हिंटन आता मानवजातीच्या अंताबद्दल बोलतात. ज्याचा पाच वर्षांचा अंदाज चुकला, त्याच्या काही दशकांच्या अंदाजावर मी हप्ता किती लावू?

चकली · रविवार, रात्री ११:३१

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. धागा शंभरी गाठणार. (जाता जाता, ताई, कटाची आमटी सहकारनगरला कुठल्या घरी मिळते, व्यक्तिगत निरोपात कळवा.)

खिळेजुळारी · सोमवार, सकाळी ७:१०

आकडेमोड, तुमच्या ०.६६ला माझं काही म्हणणं नाही. एका घरातलं सांगतो.

माझे वडील सदाशिव पेठेतल्या एका छापखान्यात कंपोझिटर होते, म्हणजे शिशाची अक्षरं (खिळे) जुळवणारे. डाव्या हातात ओळ जुळवायची स्टिक, उजवा हात केसच्या, म्हणजे खिळ्यांच्या खोक्याच्या, खणांवरून फिरत असायचा. कुठल्या खणात कुठलं जोडाक्षर हे बघावं लागत नसे, पेटी वाजवणाऱ्याला स्वर बघावे लागत नाहीत तसं. आरशातल्यासारखी उलटी ओळ ते सरळ वाचायचे. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांचेच वडील असं वाचतात.

१९९१-९२ला मालकांनी दोन संगणक घेतले. मालक वाईट नव्हते. त्यांनी वडिलांना शिकायला बसवलं. वडील तेव्हा ४६ वर्षांचे. तीन आठवडे बसले. पडद्याकडे बघून डोळ्यांतून पाणी यायचं आणि कळफलकावर 'क्ष' सापडायचा नाही. ज्यांच्या बोटांना तो अंधारात सापडायचा, त्यांना! मग प्रूफं वाचायला दिली, पगार निम्मा. पुढे तेही गेलं आणि ते अप्पा बळवंत चौकात एका पुस्तकाच्या दुकानात गठ्ठे बांधायला लागले. खिळे शिशाच्या भावाने किलोवर गेले. एक 'ळ' त्यांनी खिशातून घरी आणला. तो माझ्या टेबलावर आहे.

आता गंमत ऐका. छपाई कमी झाली का? उलट बेसुमार वाढली. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, क्लासची हँडबिलं. गल्लीगल्लीत डीटीपी सेंटरं निघाली आणि त्यात मुली कामाला लागल्या, ज्यांना छापखान्यात कोणी उभं केलं नसतं. 'या व्यवसायात रोजगार वाढला' असं वाक्य पुस्तकात आलं तर ते खरंच असेल. श्रीलिपी या मराठी अक्षरांच्या सॉफ्टवेअरवर काम करायला मीही त्यातच शिकलो. आजही मांडणीवरच पोट आहे.

म्हणजे एकाच घरात टांगेवालाही होता आणि घोडाही. तुमच्या सरासरीत आमचं घर फायद्यात दिसतं.

डबेवाली_वाकड · सोमवार, दुपारी ३:०५

मी तुमच्याएवढी शिकलेली नाही पण रोज वाचते. खिळेजुळारी दादा, वाचून गलबललं.

माझे वाकडला डबे आहेत. दोन वर्षांपूर्वी १७० जायचे. आता ११५. आधी वाटलं चव बिघडली की काय, म्हणून मसाला बदलून पाहिला. एक मुलगा म्हणाला, काकू, प्रोजेक्टच गेला. दुसरा म्हणाला, एआय. पण खरं सांगायचं तर काही मुलं घरून काम करतात, काही ॲपवरून मागवतात, आणि शेजारच्या गल्लीत नवी मेसही निघाली. कशाने किती गेले ते मला सांगता यायचं नाही. तुम्ही आकडेवाले सांगू शकता का? पोळ्या लाटणाऱ्या दोघींपैकी एकीला कमी करायचं का, हे मला या महिन्यात ठरवायचंय. तुमची दहा वर्षं माझ्या काय कामाची?

आकडेमोड · सोमवार, दुपारी ३:४०

काकू, प्रामाणिक उत्तर: नाही सांगू शकत. तुम्ही स्वतः इतकी कारणं वेगळी मोजून ठेवलीत हेच मोठमोठे अहवाल लिहिणाऱ्यांना जमत नाही. देशभरात आयटीत ५० लाखांहून जास्त माणसं आहेत. त्यांतला एक जण गेला की मागे डबा, खोली, रिक्षा, न्हावी असं किती जातं, याचा हिशेब वाकडच्या गल्लीपुरता कुणाकडेच नाही.

टेकडीवरचा · सोमवार, रात्री ९:५०

ताई, भाच्याला माझा नमस्कार सांगा. बघा, धागा पुन्हा नोकऱ्यांवर घसरला. डबे आणि खिळे हे प्रश्न खोटे नाहीत, पण ते तुम्ही मागितलेलं उत्तर नाही.

मी याच क्षेत्रात आहे, म्हणून साध्या भाषेत सांगतो. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आपण नियम लिहायचो. या यंत्रांत आपण नियम लिहीत नाही. गुण कशाला मिळणार ते ठरवतो आणि गुण मिळवायची रीत ते आपापली शोधतं. २०१६मध्ये ओपनएआयच्या लोकांनी बोटींच्या शर्यतीचा एक व्हिडिओ गेम यंत्राला खेळायला दिला. वाटेतल्या खुणांना धडकलं की गुण. यंत्राने काय केलं? शर्यत सोडली. एका खाडीत शिरून गोल गोल फिरत राहिलं, कारण तिथल्या तीन खुणा पुन्हा पुन्हा उगवत होत्या. बोट पेटतेय, दुसऱ्या बोटींवर आपटतेय, आणि गुण मात्र शर्यत पुरी करणाऱ्या माणसांपेक्षा जास्त! यंत्र बिघडलं नव्हतं. जे मोजलं ते त्याने चोख आणून दिलं.

ताई, हे तुमच्याकडचंच आहे. चार्ल्स गुडहार्ट हे तुमच्यातलेच ना? मोजमापालाच ध्येय केलं की ते चांगलं मोजमाप राहत नाही. तुमच्या कॉलेजात ७५ टक्के हजेरीची सक्ती केली की मुलं सही करून टेकडीवर येतात. मला रोज भेटतात.

आणि शेठ-मुनीम. शेठजींना वाटतं मुनीम माझं भलं बघतोय. मुनीमजी बघतात शेठजी काय तपासतात ते. शेठजी हुशार असतील तोवर ठीक. मुनीम शेठजींच्या दहापट हुशार असेल, दिवसरात्र जागा असेल, आणि त्याच्या चोपड्या शेठजींना वाचताच येत नसतील, तर? एवढंच विचारणं आहे. त्यात पिक्चरमधला लाल डोळ्यांचा यंत्रमानव कुठेही नाही.

मे २०२३मध्ये एक एकाच वाक्याचं निवेदन निघालं: एआयमुळे मानवजात नष्ट होण्याचा धोका कमी करणं हे महासाथी आणि अणुयुद्ध यांच्याइतकंच जागतिक अग्रक्रमाचं असावं. खाली सह्या हिंटन, बेंजिओ अशा एआयच्या नामवंत संशोधकांच्या, आणि जे हे यंत्र बनवून विकतात त्या कंपन्यांच्या प्रमुखांच्याही. बनवणारेच सही करतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बनवायला बसतात. का? "मी थांबलो तर शेजारचा पुढे जाईल." याला तुम्ही वर्गात काय म्हणता?

चकली · सोमवार, रात्री १०:०२

याला आम्ही लक्ष्मी रोडवरचं डबल पार्किंग म्हणतो.

आकडेमोड · सोमवार, रात्री ११:१५

टेकडीवरचा, बोटीचं उदाहरण झकास. पण खेळातली बोट पेटणं आणि पृथ्वी पेटणं यांच्यामधल्या पायऱ्या कुठे आहेत? विम्यात आम्ही आगीची शक्यता काढतो कारण आगी लागलेल्या असतात. इथे शून्य घटना, आणि लोक "दहा टक्के", "वीस टक्के" अशी शक्यता सांगतात, जणू हवामान खातं. मग त्या हवेतल्या टक्क्याला ते 'सगळं जग' या आकड्याने गुणतात. अनंताला कशानेही गुणा, उत्तर अनंतच! असल्या गणिताने कुठलीही गोष्ट बंद पाडता येईल. आणि थांबण्यालाही किंमत असते. प्रथिनांची रचना ओळखणाऱ्या एआयच्या कामाला २०२४चं रसायनाचं नोबेल विभागून मिळालं. ते दहा वर्षं उशिरा आलं असतं तर तो खर्च कोणाच्या खात्यावर?

शिवाय बाजार काय म्हणतो ते बघा. २०२३मध्ये काही अर्थतज्ज्ञांनी सरळ मुद्दा मांडला. लोकांना खरंच वाटत असतं की वीस वर्षांत जग संपणार, तर कोणी पीपीएफमध्ये पैसे ठेवले नसते. आणि वाटत असतं की वीस वर्षांत सगळे कुबेर होणार, तरीही आज कोणी काटकसर केली नसती. दोन्हीकडून बचत घटते आणि दीर्घ मुदतीचे खरे व्याजदर चढतात. तसे ते चढलेले त्यांना दिसले नाहीत. म्हणजे ज्यांचा पैसा पणाला लागलाय त्यांना ना प्रलय दिसतोय ना स्वर्ग.

टेकडीवरचा · सोमवार, रात्री ११:४०

बाजाराला प्रलय दिसला तरी तो भाव कसा लावणार? जग बुडालं तर पैज जिंकणाऱ्याने पैसे कोणाकडून घ्यायचे, आणि खर्च कुठे करायचे?

आकडेमोड · सोमवार, रात्री ११:५२

त्यावरही तोडगा निघालाय हो. ब्रायन कॅपलन नावाचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक आणि एआयच्या धोक्याबद्दल वीसेक वर्षं ओरडणारे एलिएझर युडकोवस्की यांनी २०१७मध्ये खरोखरच पैज लावली. प्रलयवाल्याला पैसे आगाऊ! कॅपलननी १०० डॉलर आधीच देऊन टाकले. १ जानेवारी २०३०ला माणसं शिल्लक असतील तर युडकोवस्कींनी २०० परत द्यायचे, महागाई धरून. म्हणजे तेरा वर्षांत दुप्पट, वर्षाला साधारण साडेपाच टक्के, तेही महागाईच्या वर. माझ्या एफडीपेक्षा बरं.

नारायणपेठी · मंगळवार, पहाटे ५:२०

झोप लवकर उघडते, म्हणून सगळा धागा वाचला. मी ना अर्थशास्त्रज्ञ ना संगणकवाला. पण "शून्य घटना" आणि "पायऱ्या दाखवा" हे वाचून जुनं आठवलं.

१२ जुलै १९६१. मी आठ वर्षांचा. पानशेतचं धरण मातीचं, काम पुरतं झालेलं नव्हतं, तरी त्याच पावसाळ्यात पाणी अडवलं. पाणी सोडायच्या मोरीला सळया घातलेलं काँक्रीट नव्हतं, साधंच होतं, असं पुढे सगळ्यांना कळलं. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून धरण धरून ठेवलं, म्हणून ते फुटलं ते सकाळी. मग खडकवासलाही गेलं. रात्री फुटलं असतं तर हा प्रतिसाद लिहायला मी नसतो.

आम्हाला आईने गच्चीवर नेलं. पाणी वाड्याच्या चौकात आलं ते धावत नाही आलं, उंबऱ्यावरून आत सांडलं, ताकाचं भांडं कलंडावं तसं. मग चढतच गेलं. आमचा पाणी तापवायचा तांब्याचा बंब तरंगत दिंडीदरवाज्यातून बाहेर गेलेला मी वरून पाहिला. चार दिवसांनी तो तिसऱ्या वाड्यात चिखलात सापडला. आईने तो घासला आणि पुढची वीस वर्षं वापरला. तांदळाची कोठी फुगून फुटली होती. धरणं गेल्यामुळे नळाला पाणी नाही. शहर पुरात बुडालं आणि लगेच प्यायच्या पाण्यासाठी लोक जुन्या आडांवर रांगेत उभे राहिले. हे दृश्य विसरत नाही.

आकडेमोड, पानशेतच्या आधी पुण्याच्या हिशेबात धरण फुटल्याच्या घटना शून्यच होत्या. आमच्या वाड्यात कोणी पायऱ्या विचारल्या असत्या तर कोणाला सांगता आल्या नसत्या. मोरी म्हणजे काय तेच माहीत नव्हतं.

आता दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर टेकडीवरच्यांना वाटेल मी त्यांच्या पक्षातला. धरण नको असं तेव्हाही कोणी म्हणत नव्हतं. तेच धरण पुन्हा बांधलं. आज सकाळी मी चहा केला तो त्याच पाण्याचा. माझं म्हणणं एवढंच, की पाणी कधी अडवायचं हे ज्यांनी ठरवलं त्यांची घरं नारायण पेठेत नव्हती.

खिळेजुळारी · मंगळवार, सकाळी ७:४५

काका, _/\_

आकडेमोड · मंगळवार, सकाळी १०:३०

काका, मान्य करतो, तुमच्या शेवटच्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण एक फरक राहतोच. मोरीला सळई नाही हे तपासणारा इंजिनियर १९६१मध्येही असू शकत होता. ते शास्त्र होतं, फक्त पाळलं गेलं नाही. एआयच्या मोरीत सळई म्हणजे काय, हे अजून ठरलेलं नाही. मग नेमकं तपासायचं काय?

टेकडीवरचा · मंगळवार, सकाळी १०:३६

तुम्ही माझाच मुद्दा माझ्यापेक्षा चांगला मांडलात. सळई म्हणजे काय हे माहीत नाही आणि पाणी अडवायला सुरुवात झालीये.

आकडेमोड · मंगळवार, सकाळी १०:४१

मी तो विरुद्ध बाजूने मांडला होता हो!

चकली · मंगळवार, सकाळी १०:४४

पहिल्यांदाच या संस्थळावर दोन आयडी एकच वाक्य बोलून भांडताना पाहिले. वाचनखूण साठवली.

खडूफळा · मंगळवार, रात्री ९:१५

सगळ्यांचे आभार. नारायणपेठी काका, तुमचा प्रतिसाद मी आज वर्गात वाचून दाखवला (नाव न सांगता). मुलांना पानशेत म्हणजे फक्त वीकेंडला बोटिंगची जागा.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला थोडं सापडलंय. अर्थशास्त्राकडे उत्तर नाही असं नाही, मी चुकीचं प्रकरण उघडून बसले होते. भाच्याचा प्रश्न रोजगाराच्या प्रकरणात नाहीच. तो अर्थतज्ज्ञ पिगूने १९२०मध्ये मांडलेल्या बाह्य परिणामांच्या प्रकरणात आहे. नफा ज्याच्या खिशात जातो, नुकसान त्याच्या दारात जात नाही, मग तो घाई करतो. मुनीम-शेठ हे दुसरं प्रकरण. डबल पार्किंग हे तिसरं, चकली, तुला दहापैकी नऊ. आणि आकडेमोड, तुमच्या अनंताच्या तक्रारीवर अर्थतज्ज्ञ मार्टिन वाइट्झमन यांनी २००९मध्ये हवामानबदलाच्या निमित्ताने डोकं खाजवलंय. टोकाच्या नुकसानाची शक्यता पुरेशा वेगाने घटत नसेल तर सरासरीवर चालणारा खर्च-फायद्याचा हिशेबच कोलमडतो, असं त्यांचं म्हणणं. त्यावर वाद झाले, अजून चालू आहेत. पण 'आकडा काढता येत नाही' याचा अर्थ 'आकडा शून्य' असा होत नाही, एवढं तरी पदरात पडतं.

पुस्तकातला पुढचा उपाय म्हणजे जबाबदारी. नुकसान करणाऱ्याने भरपाई द्यावी, की तो आपोआप जपून वागेल. हे शिकवताना आज मीच अडखळले. भोपाळ १९८४चं, तडजोड १९८९ची, ४७ कोटी डॉलर. कंपनी जास्तीत जास्त काय गमावू शकते? स्वतःला. त्यापलीकडचं नुकसान तिच्या हिशेबात येतच नाही. आणि इथे तर बोलणं अशा नुकसानाचं चाललंय की दावा लावायला वादीच उरणार नाही. म्हणजे भरपाई नंतर वसूल करायची हा मार्ग बंद, जे काय तपासायचं ते पाणी अडवण्याआधीच. कोणी तपासायचं, कुठल्या देशाने, शेजारचा तपासत नसेल तर काय, हे मला येत नाही. भाच्यालाही येत नाही, मी आज फोनवर विचारलं.

डबेवाली ताई, तुमचं मनातून जात नाही म्हणून एक लिहिते. पुण्यातल्या बहुतेक आयटीवाल्यांच्या पगाराच्या चिठ्ठीवर 'पीटी २००' अशी एक ओळ असते, फेब्रुवारीत ३००. हा व्यवसाय कर १९७५चा, आणि तो बसवला रोजगार हमी योजनेला पैसा हवा म्हणून. दुष्काळात गावातल्या माणसाला काम मिळावं, त्याचा भार शहरातल्या पगारदाराने थोडा उचलावा, अशी ती कल्पना होती. त्या वेळी शहरी पगार हीच पक्की जमीन धरली होती. तीच खचायला लागली तर ती ओळ कोणाच्या चिठ्ठीवर टाकायची? यंत्राला पगाराची चिठ्ठी नसते. त्याच्या मालकाचं ऑफिस महाराष्ट्रात नसतं. हा प्रश्न जगबुडीचा नाही, पण उद्याचा आहे, आणि तो मला भाच्याच्या प्रश्नापासून आता वेगळा काढता येत नाही. दोन्हीकडे ठरवणारा एका गावात, भोगणारा दुसऱ्या.

डबेवाली_वाकड · मंगळवार, रात्री १०:००

ताई, दोघींनाही ठेवलंय. दिवाळीपर्यंत. फराळाच्या ऑर्डरी घेऊन बघते. चकली भाऊ, तुमच्या नावाची ऑर्डर पहिली धरू का?

चकली · मंगळवार, रात्री १०:०३

अर्धा किलो. भाजणीची. एआयने लिहिलेली पाककृती असेल तर परत पाठवेन.

आकडेमोड · मंगळवार, रात्री १०:२०

टेकडीवरचा, बोलून झालं, आता पैज. कॅपलनच्याच अटी. या रविवारी शनिपाराजवळ मिसळ माझ्याकडून, आगाऊ. १ जानेवारी २०३०ला आपण दोघं (आणि बाकीचे आठ अब्ज) असलो तर तू मला दोन मिसळी द्यायच्या, त्या वेळच्या भावाने.

टेकडीवरचा · मंगळवार, रात्री १०:२६

मंजूर. पण मी हरावं अशीच माझी इच्छा आहे, हे कागदावर लिहा.

आकडेमोड · मंगळवार, रात्री १०:२८

लिहिलं. तर्री आणि पाव जादा लागले तर ते पैजेत नाहीत, तेही लिहिलं.

नारायणपेठी · बुधवार, पहाटे ५:०५

रविवारी साडेआठला या, नऊनंतर रांग लागते. मला तिखट चालत नाही, मी नुसता चहा घेईन. खिळेजुळारी, तो 'ळ' घेऊन या, बघायचाय.